वाळकाच्या वेलावरची उजवी चप्पल

घाबरू नका. आवाज वरूनच येतोय. जरा मान वर करा. वाळकाच्या वेलाशेजारी सुतळीला लटकलेली दिसतेय ना, ती मी. मी चप्पल बोलतेय. उजव्या पायाची.

चपलेकडे मान वर करून बघायची वेळ तुमच्यावर आली, याचं तुम्हाला वाईट वाटत असेल. मला मात्र फार बरं वाटतं. जन्मभर मी लोकांना खालूनच बघितलं. खालून माणूस फारसा चांगला दिसत नाही.

माझा जन्म लोहा गावचा. बजरंग नावाच्या कारागिरानं मला आणि माझ्या डाव्या बहिणीला एकाच कातड्यातून कापलं. तळाच्या दोन थरांमध्ये त्यानं काहीतरी बसवलं. काय, ते आम्हालाही सांगितलं नाही. पण पाऊल पडलं की ‘कर्र’ असा आवाज येई. माळेगावच्या जत्रेत व्यंकटी सरांनी आम्हाला पायात घालून चार पावलं टाकली, आवाज ऐकला आणि ऐटीत तसेच पुढं निघाले. त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईंनी हाक मारून आठवण केली तेव्हा पैसे द्यायला मागं आले.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. व्हरांड्यात आमची करकर ऐकू आली की वर्ग चिडीचूप व्हायचा. खिडकीत बसलेली पोरं बाकावर, बाकावरची पोरं पुस्तकात. सरांना वाटायचं, हा आपला दरारा. आम्ही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

वर्षातून एकदा माझा मोठा मान असे. अंधश्रद्धेवर बोलताना सर मला पायातून काढून सगळ्या वर्गाला दाखवायचे. “नजर लागू नये म्हणून लोक ही दारावर टांगतात. टांगल्यानं काय होतं? मी अनवाणी होतो, एवढंच होतं!” पोरं खदखदून हसायची. डावी रुसायची, कारण दर वर्षी मलाच उचलायचे.

बारा वर्षांनी सर निवृत्त झाले आणि लातुरात घर बांधून राहायला आले. इथं माझा अंगठा तुटला. सरांचा मुलगा आदर्श पुण्याहून पांढरे बूट घेऊन आला. आम्ही दोघी पलंगाखाली गेलो. तिथं एक फुटका टॉर्च, एक वजनकाटा आणि आम्ही. डावी म्हणायची, “बघ, एक दिवस सर शिवून आणतील.” तिचा स्वभावच आशाळभूत.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात धुरपताबाई माहेराहून पिशवीत एक गोवरी घेऊन आल्या. गोवरी म्हणजे शेणाचीच, दुसरी कसली? पण ती जाळायची नव्हती. तिच्यात वाळकाचं, म्हणजे रानातल्या गावरान काकडीचं, बी होतं. किडीनं खाऊ नये म्हणून शेणात बी कालवून भिंतीला थापायची जुनी पद्धत. ती धुरपताबाईंच्या आईनं थापलेली शेवटची गोवरी. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, पण तिची पाच बोटं गोवरीवर जशीच्या तशी उमटलेली होती.

“आता गावात वाळूक ऱ्हायलंच न्हाई,” धुरपताबाई सांगत होत्या. “समदीकडं सोयाबीन. त्याच्यावर तणनाशक मारून राहिले, त्यात वाळकाचा येल कुठून जगंल?”

गोवरी फोडली तर अकरा बिया निघाल्या. गेटाजवळच्या वाफ्यात लावल्या, तर तीनच उगवल्या. एक गोगलगायीनं खाल्ली. दुसरी सरांनी गवत समजून उपटली आणि वर बायकोला सांगितलं, “वाफा कसा स्वच्छ केला बघ!” त्या दिवशी सरांना जेवायला फार उशिरा मिळालं.

उरला एक वेल. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी त्याला. वेल गेटाच्या जाळीवर चढला आणि त्याला एकच वाळूक धरलं. धुरपताबाईंनी ठरवलं, हे खायचं नाही. बियाला ठेवायचं. पिवळंधमक होईपर्यंत वेलावर राहू द्यायचं.

पण आमच्याकडं वाळूक तोडणं ही चोरी मानतच नाहीत. वाटेनं जाणारा कुणाच्याही रानात शिरतो, वाळूक तोडतो, मांडीला पुसतो आणि खात पुढं जातो. मालकानं पाहिलं तरी तो वर मीठच विचारतो. हीच माणसं आता शहरात राहायला आलेली. गेटावर वाळूक दिसलं की हात आपोआप वर जायचा. मग धुरपताबाईंनी मला पलंगाखालून ओढलं, सुतळी बांधली आणि वाळकाशेजारी टांगलं.

“धुरपता, हे काय?” सरांचा आवाज वर्गातला.

“चप्पल हाय.”

“ते दिसतंय. माझी चप्पल, माझ्या दारात, आन् तीही नजरेसाठी?”

“नजरेचं कोण म्हणलं? पाखरं येतात.”

“पाखरं चपलेला भीत नसतात.”

“तुमच्या चपलेला भितात. शाळेतली लेकरं न्हाई का भीत व्हती?”

सर पेपर उघडून बसले.

माझा उपयोग झाला, हे मी स्वतः सांगू नये, पण सांगते. वर गेलेला हात मला बघून खाली यायचा. काही जण तर हात आधी शर्टाला पुसायचे आणि मग मागं बघत निघून जायचे. खरा धोका घरातलाच होता. दुपारी धुरपताबाईंचा डोळा लागला की सर कागदाच्या पुडीत मीठ आणि धर्माबादच्या मिरचीचं तिखट घेऊन हळूच बाहेर यायचे. वाळकाकडं बघायचे, मग माझ्याकडं बघायचे. आपल्याच चपलेची माणसाला लाज वाटते, हे मला तेव्हा कळलं. शेवटी मीठ-तिखट नुसतंच बोटानं चाटून ते आत जायचे.

तो रविवार मी विसरणार नाही. वर्षावासाचे दिवस होते. धुरपताबाई पांढरी साडी नेसून सकाळीच विहारात गेल्या होत्या. वाळूक पिवळं झालं होतं, अजून आठ दिवस राहू द्यायचं होतं. इतक्यात गेटाशी मोटारसायकल थांबली. अमरनाथ आला होता, सरांचा जुना विद्यार्थी, आता स्वतःच मास्तर.

“सर, पुढच्या रविवारी आमच्या शाळेत तुमचं भाषण ठेवून राहिलो. विषय तुमचाच, अंधश्रद्धा.”

हे बोलता बोलता त्याची नजर वर जाऊ लागली. सरांनी ते पाहिलं आणि साठी उलटलेला माणूस अशी उडी मारताना मी कधी पाहिला नव्हता. एका झटक्यात मी खाली, सरांच्या पायात. दुसऱ्या पायात न्हाणीघरातली निळी स्लीपर होती. माझी सुतळी मागं लोंबत होती.

“सर, एकच चप्पल?”

“धुतली होती. वाळत घातली होती.”

“आन् दुसरी?”

“दुसरी मळली नव्हती.”

अमरनाथ गुणी विद्यार्थी, त्यानं सरांवर विश्वास ठेवला. मग त्याला वाळूक दिसलं. “सर! वाळूक! आता औषधाला बी दिसत न्हाई हो!” आणि हात वर गेला. थांबवायला मी जागेवर नव्हते. खट् आवाज झाला.

सरांनी ‘अरे’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ‘नको’ म्हणावं, तर वाळूक कशाला ठेवलंय ते सांगावं लागणार. ते सांगावं, तर चपलेचंही सांगावं लागणार. सर घाम पुसत म्हणाले, “न्या, न्या. राजकन्येला द्या.” राजकन्या ही अमरनाथची बायको. वाळूक पिशवीत गेलं आणि मोटारसायकल निघून गेली.

थोड्या वेळानं धुरपताबाई आल्या. आधी वेलाकडं बघितलं, मग सरांच्या पायाकडं. त्यांना सगळं कळलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पायरीवर बसल्या.

“आईचं म्या भावाला काईच मागितलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “रान न्हाई, पाटल्या न्हाई. एक गोवरी मागितली.”

सरांनी लोंबणाऱ्या सुतळीनं मला पायाला घट्ट बांधलं, कारण माझा अंगठा तुटलेला, आणि स्कूटर काढली. मला लाज वाटत होती. मी टांगलेली असते तर हे झालंच नसतं.

अमरनाथच्या दारात पोचलो तर राजकन्या हात पुसत बाहेर आली. “सर, या की! वाळकाची कोशिंबीर केली. जरा आंबट हाय, पण गोड करून घेतली.”

“आन् बी?”

“बी जून व्हतं. काढून टाकलं.”

“कुठं?”

तिनं बोट दाखवलं. गल्लीच्या टोकाला घंटागाडी वळत होती.

सर पळाले. स्कूटर चालू करायचंही त्यांना सुचलं नाही. कर्र, थप्प, कर्र, थप्प. एका पायात मी, एका पायात स्लीपर. लोक गॅलरीत आले. गाडीवरचं गाणं इतकं मोठ्यानं लागलेलं, की सरांची हाक कुणाला ऐकू जाणार? मी ठरवलं, आयुष्यात एकदाच वाजायचं तर आज. शिवण उसवली तरी चालेल. बजरंगानं माझ्या तळात जे काही बसवलं होतं, ते सगळं मी त्या गल्लीत वाजवलं.

गाडीनं कचकन ब्रेक मारला. ड्रायव्हर खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, “सर, मी न्हाई केलं!”

तो बसवंत. सहावी ब. नंतर तो सांगत होता, “ती करकर कानावर आली की पाय आपोआप थांबतो बगा. अजून.”

ओल्या कचऱ्याच्या कप्प्यात दोघं कोपरापर्यंत हात घालून शोधत होते. चहाचा चोथा, कांद्याची टरफलं आणि त्यात वाळकाचा गर. सर एकेक बी उचलून रुमालात ठेवत होते. राजकन्या आणि अमरनाथही धावत आले आणि खरं काय ते कळल्यावर खाली मान घालून शोधू लागले. बसवंतानं विचारलं, “सर, दोन बिया मला द्याल का? माझी आई बी आठवण काढती.”

“पुढच्या वर्षी ये,” सर म्हणाले, “दोन न्हाई, मूठभर देतो.”

घरी आल्यावर सरांनी बिया बादलीत टाकल्या. हलक्या तरंगल्या, भरलेल्या तळाला गेल्या. हे त्यांचं विज्ञान. मग पलीकडच्या गोठ्यातून ते स्वतः शेण घेऊन आले. ते बायकोचं विज्ञान. धुरपताबाईंनी बी कालवून भिंतीला गोवरी थापली. सर बाजूला उभे होते. “तुमचा बी हात लावा,” त्या म्हणाल्या. आईच्या गोवरीवर पाच बोटं होती. या गोवरीवर दहा उमटली.

पुढच्या रविवारी सर भाषणाला मला पायाला बांधूनच गेले. त्यांनी सगळं सांगितलं, गेल्या रविवारची उडीसुद्धा. मग मला पायातून काढून वर धरलं. “तीस वर्षं मी शिकवलं, चपलेनं नजर थांबत न्हाई. आजही तेच शिकवतो. पण चपलेनं हात थांबतो, हे मला माहीत नव्हतं. आन् ती मी लोकलाजेनं काढली. नजर लागली ती माझी मलाच.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण सर एका पायानं अनवाणी उभे होते, ते त्यांना फार आवडलं.

या वर्षी पावसाळ्यात वेल पुन्हा गेटावर चढला आणि सरांनी स्वतः स्टुलावर उभं राहून मला टांगलं. खाली त्यांच्या अक्षरात पाटी आहे. नीट वाचा: ‘बियाण्याचे वाळूक. तोडू नये. सदर चपलेचा नजरेशी काहीही संबंध नाही.’ पाटी लागल्यापासून लोक जास्तच बिचकतात. म्हणतात, संबंध नसता तर सरांनी लिहिलं कशाला असतं?

पहिलं वाळूक पिकल्यावर बसवंत मूठभर बी घेऊन गेला. राजकन्याही आली. तिनं बी पदराच्या टोकाला बांधलं आणि दारात घुटमळली.

“काय गं?” धुरपताबाईंनी विचारलं.

“बी तर दिलं, मावशी. पण चप्पल?”

सर काही बोलणार, इतक्यात धुरपताबाईंनी पलंगाखाली हात घातला. डावी बाहेर आली. इतक्या वर्षांनी ती उजेडात आली होती. मी वर होते, ती राजकन्येच्या पिशवीत. पिशवीच्या तोंडातून तिची टाच तेवढी दिसली.

चपलेला जोडीशिवाय कुणी चप्पल म्हणत नाही. जोडी मोडली की तिला उकिरडा ठरलेला. आमची मोडली, पण उकिरडा दोघींनाही चुकला, हे आमचं नशीब. सर मात्र आता कायमचे पांढऱ्या बुटात. त्यांचंच म्हणणं अखेर खरं झालं, चप्पल टांगल्यानं ते निदान चपलेपुरते अनवाणी झाले.

तुम्हाला एवढंच मागते. पिवळं वाळूक दिसलं तर हात खिशात ठेवा. हिरवं हवं असेल तर आत जा, धुरपताबाई मीठ-तिखट लावून देतात, आणि फोड खाऊन झाल्यावर बी मागून घ्या. आणि अमरनाथच्या गल्लीत कधी गेलात, तर तिथंही मान वर करा. माझ्या डावीला सांगा, तुझंच खरं झालं. सरांनी आपल्याला शिवून आणलं नाही, पण ते विसरले नाहीत.