मास्तरांच्या अळ्या

पौष महिना आणि अंगावर स्वेटर नाही, असं कोल्हापुरात कुणी पाहिलं नव्हतं. त्या साली, म्हणजे पंचाहत्तरच्या जानेवारीत, तेही पाहायला मिळालं. पंधरा दिवस आभाळ भरलेलं, मधूनच भुरभुर. गगनबावड्याचे ढग जणू वाट चुकून राजारामपुरीत मुक्कामाला आले होते. माणसांचं काही बिघडलं नाही. पण परसातल्या वेलावर अळ्या पडल्या आणि तवनाप्पा मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मास्तर हायस्कुलातून निवृत्त झालेले. एकुलती एक लेक त्रिशला, इचलकरंजीला दिलेली, सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला येणार होती. पत्रात पोरीनं मागून मागून काय मागावं? ‘अप्पा, साडी नको, काही नको. आपल्या वेलाच्या कोवळ्या वरण्याची आमटी हवी.’ पत्र वाचून मास्तर दोन दिवस हवेत होते. आणि वरण्याच्या त्या पावट्यासारख्या शेंगा नेमक्या धरायच्या वेळी ही अवदसा!

शेजारचे हंबीरराव कुंपणावरून म्हणाले, “मास्तर, औषध मारा की. घटकाभरात साफ हुतंय बघा.”

“नको हो. एवढे जीव मारून पोरीला काय खाऊ घालू?”

“मग बसा मोजत अळ्या,” म्हणून हंबीरराव निघून गेले. बोलायला माणूस असा रोखठोक.

मास्तर खरंच बसले. रोज सकाळी जैन मंदिरातून आले की वेलाखाली स्टूल टाकायचं, चष्मा नाकावर ओढायचा आणि एकेक अळी तान्ह्या बाळासारखी उचलून पितळी डब्यात ठेवायची. डब्यात दोन कोवळी पानं, वाटेत उपास घडू नये म्हणून. मग गल्लीमागच्या झाडोऱ्यात जाऊन डबा हलकेच उपडा करायचा. मास्तरांच्या पत्नी पद्मावतीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “लेकीच्या आधी अळ्यांचंच डोहाळजेवण उरका म्हणजे झालं.”

हसा म्हणावं. बारा दिवसांत वेल सावरला. डोहाळजेवणाच्या सकाळी टोपलीभर शेंगा निघाल्या, एका आमटीपुरत्या. आदल्या दिवशी आलेली त्रिशला ती टोपली घेऊन ओट्यावर सोलायला बसतेय, तोच हंबीरराव दारात. चेहरा पार उतरलेला.

“मास्तर, जरा मागं चला. माझ्या येलाची काय दशा झालीया बघा.”

झाडोऱ्याच्या पलीकडं, काटक्यांच्या कुडाआड, हंबीररावांनी मांडवावर वरणा चढवला होता. मास्तरांना त्याचा पत्ताच नव्हता. आता नुसता मांडव उरला होता. पान म्हणून औषधाला नव्हतं. मास्तरांनी मांडवाकडं पाहिलं, झाडोऱ्याकडं पाहिलं. मध्ये पुरती वीस पावलंही नव्हती.

हंबीरराव हवामानाला शिव्या घालत होते. मास्तर गप्प राहते तर कुणाला कळलंही नसतं. पण तो माणूस गप्प बसणारा नव्हे.

“हवामान नाही, हंबीरराव. मीच. माझ्या अळ्या रोज इथंच आणून सोडत होतो.”

एवढं बोलून ते तडक घरी आले, त्रिशलाच्या पुढ्यातली टोपली उचलली आणि मागोमाग आलेल्या हंबीररावांच्या हातात ठेवली. पोरीकडं बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

हंबीरराव टोपलीकडं बघतच राहिले. मग गदगदा हसायला लागले, एवढे की ओट्यावर टेकावं लागलं.

“आता ह्या घिऊन मी काय करू? त्यो येल तरी कुणासाठी हुता? गणपतीत त्रिशलाची गोड बातमी कळली, तवाच लावला. वरण्यावर लई जीव तिचा. तुमच्या एका येलानं काय भागतंय?”

“मग औषध का नाही मारलंत? मला तर सांगत होता.”

हंबीररावांचं हसू थांबलं. जरा ओशाळून ते म्हणाले, “तुमच्यात जीव मारलेलं चालत न्हाय की. पोरीच्या ताटात यायचं हुतं ते.”

मास्तर मटकन त्यांच्याशेजारी बसले. त्रिशलानं दोघांच्या मधून टोपली ओढून घेतली, डोळे पदरानं पुसले आणि आत आईला हाक दिली, “अव्वा, आमटीत पाणी जरा जास्त घाल. काका जेवायला आहेत.”