पेन-बटणाचा तेविसावा सामना

शरच्चंद्रने जुने दोन सेल नखाने उचकटून टेबलावर टाकले आणि राजलक्ष्मीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला सुरुवात केली.

"एक... दोन... तीन..."

"जरा हळू मोज."

"सेकंद काय माझ्या तालावर चालतात? पाच... सहा..."

त्या ऑर्गनायझरचा, खिशातल्या इलेक्ट्रॉनिक डायरीचा, स्वभावच तसा होता. सेल काढल्यावर मिनिटाच्या आत नवे बसले नाहीत, तर त्याच्या पोटातलं सगळं पुसलं जायचं. पोटात होते एकशे बेचाळीस डॉक्टर, त्यांच्या दवाखान्यांच्या वेळा, त्यांच्या बायकांचे वाढदिवस आणि कुठल्या कंपाउंडरला पेन चालतं, कुठल्याला कॅलेंडरच लागतं, याच्या नोंदी. डॉक्टरांपैकी निम्मे निवृत्त झाले होते, काही त्याच्याही पुढे गेले होते. ज्या औषध कंपनीसाठी शरच्चंद्र गिरगावपासून शिवडीपर्यंत बॅग घेऊन हिंडला, ती कंपनी दुसऱ्या कंपनीने गिळली होती आणि दुसरीला तिसरीने. तरी ही माहिती जाऊ द्यायची त्याची तयारी नव्हती. एकदा असावी म्हणून जपलेली वस्तू पुढे नसेना का कामाची, जपावीच लागते.

पहिला सेल बसला. दुसरा अंगठ्याखालून निसटला, टेबलावरून घरंगळला आणि फ्रीजखाली गेला.

"सदतीस... अडतीस..."

शरच्चंद्र गुडघ्यांवर बसला. त्रेसष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर बसण्यातच सात सेकंद गेले. राजलक्ष्मीने मोजणं न थांबवता टीव्हीचा रिमोट उचलला, मागचं झाकण काढलं, सेल काढला आणि स्वतःच बसवून टाकला.

"एक्कावन्न," ती म्हणाली. "उठा आता. कोळंबीचं भानोलं भट्टीत आहे."

पडदा हिरवट उजळला. एकशे बेचाळीस डॉक्टर जागच्या जागी होते.

आज परळला तेविसावा सामना होता. आतापर्यंतचा हिशेब अकरा–अकरा.

दोन हजार दोन साली कंपनीने दक्षिण मुंबईच्या दोन प्रतिनिधींना खिशात मावणारे दोन ऑर्गनायझर वापरून बघायला दिले. एक पेनवालं: काचेवर बारीक प्लॅस्टिकच्या काडीने लिहायचं. दुसऱ्याला पडद्याखाली चिंचोक्याएवढ्या बटणांच्या रांगा. बुद्धभूषण कासारे तीन महिन्यांनी सीनियर, म्हणून निवड त्याची. त्याने पेनवालं उचललं. शरच्चंद्रकडे बटणं आली. शुक्रवार ते सोमवार त्याने ती दाबून बघितली. त्याच्या, तळपद्यांच्या घराण्यात अंगठे पिढीजात रुंद. एक बटण दाबावं तर तीन दबत. 'शाह' लिहायला गेला की पडद्यावर असं काही उमटे, की त्या नावाचा डॉक्टर कुठल्याच देशात सापडला नसता.

सोमवारी बुद्धभूषण त्याच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "हे पेन-बिन आपल्याला जमत नाही रे. बदलतोस का?"

शरच्चंद्रच्या मनात उकळ्या फुटल्या. पण त्याने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. "विचार करून सांगतो," म्हणाला आणि चक्क जेवणाच्या सुट्टीपर्यंत विचार केला.

तेव्हापासून हा किस्सा त्याने किमान पन्नास जणांना सांगितला होता. बटण हे मुळात कारकुनी, पेन हे विद्येचं. ज्याला जमतं त्याला जमतं. बुद्धभूषणचं उत्तर ठरलेलं: बटण दाबलं की तेच अक्षर येतं, त्याला तुझ्या खानदानी वळणाशी देणंघेणं नाही. या वादावर त्यांनी डॉक्टरांच्या वेटिंग रूममधले अख्खे पावसाळे काढले. शरच्चंद्र बोले, आणि बुद्धभूषण मांडीवरच्या बॅगेवर बोटाने काहीतरी गिरवत ऐके. हे गिरवणं म्हणजे कंटाळा, असं शरच्चंद्रने कधीच ठरवून टाकलं होतं. पुढच्या वर्षी वादातून सामना निघाला. मजकूर ठरवायचा, वेळ लावायची, दर चुकीला पाच सेकंद दंड. टाळेबंदीच्या वर्षी तो व्हिडिओ कॉलवर झाला होता.

यंदाचा शेवटचा, हे शरच्चंद्रने कोणाला सांगितलं नव्हतं. यंत्राच्या काचेचा डावा कोपरा पेनाला बहिरा होत चालला होता. आणखी वर्ष काही तो काढत नव्हता. म्हणजे पेन श्रेष्ठ हे सिद्ध करायचं, तर आजच.

बुद्धभूषणची चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला होता. सतराव्या मजल्यावर त्याच्या बायकोने, मायाने दार उघडलं.

"या भावोजी. वहिनी, डबा द्या इकडे. चप्पल बाहेर नका काढू हां, इथे सोसायटी नोटीस लावते."

घर नवं असलं तरी भिंतीतल्या कपाटाला एक दार जुनं होतं, तेलकट हिरव्या रंगाचं. चाळ सोडताना बाकीच्यांनी देव्हारे, पाटे-वरवंटे, आजोबांच्या तसबिरी आणल्या. कासाऱ्यांनी बाबासाहेबांची तसबीर आणली आणि कपाटाचं दार आणलं, कारण दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने दोन रकाने होते. एकावर 'पेन', दुसऱ्यावर 'बटण'. खाली उभ्या रेघा.

"शऱ्या, ये," बुद्धभूषण म्हणाला. त्याचा चेहरा दवाखान्यातून सॅम्पल परत आणल्यासारखा होता. "वाईट बातमी आहे."

"घाबरलास?"

"बुडालं ते."

झालं होतं असं. सामान हलवताना बटणवालं यंत्र दगावू नये म्हणून मायाने ते टॉवेलात गुंडाळून रिकाम्या पिंपाच्या तळाशी ठेवलं. नव्या घरी पोचल्यावर सगळ्यात आधी तिने काय केलं असेल, तर पिंप भरलं. चाळीस वर्षं पहाटे साडेचारच्या पाण्याला उठलेली बाई. नळाला चोवीस तास पाणी आहे, हे बिल्डर म्हणाला, म्हणून ती थोडीच मानणार?

"टॉवेल मात्र स्वच्छ निघाला," माया म्हणाली.

समोरच्या फ्लॅटमधले दत्ताराम पंच म्हणून आले होते. मूळचे मालवणचे, बेस्टचे निवृत्त कंडक्टर. सामना सुरू करायची खूण म्हणून त्यांनी जुना तिकीट पंच सोबत आणला होता.

"मग ही पुढे चाल मिळाली म्हणायची," ते म्हणाले. "तळपदेसाहेब जिंकले."

शरच्चंद्रला क्षणभर तसं वाटून गेलं. पण बुडालेल्या माणसाला हरवलं, हे पन्नास जणांना कसं सांगणार?

"छे छे! सामना होणार. माझ्याच यंत्रावर दोघं लिहू. भूषण, हे बघ, इथे टिचकी मारली की पडद्यावर बटणं उघडतात. पेनाच्या टोकाने एकेक टोचत बस. तुझं बटणच झालं की ते."

औदार्याने त्याचा आवाज थोडा भरून आला. ती पडद्यावरची बटणं मोहरीएवढी होती. त्यांवर माणूस तीन मिनिटांच्या आत सुटत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण औदार्यात इतका तपशील सांगायची पद्धत नाही.

"चालेल," बुद्धभूषण म्हणाला.

"पण ह्यां सुरू कसां झालां?" दत्तारामांनी विचारलं.

शरच्चंद्रने किस्सा सांगितला. सोमवार, टेबल, "पेन-बिन आपल्याला जमत नाही", जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा विचार, सगळं. दत्ताराम जिथे हसायला हवं तिथे हसले. बुद्धभूषणही हसला, तो दर वेळी हसायचा. माया मात्र पापड भाजायला आत गेली.

मजकूर दरवर्षीप्रमाणे तिचाच होता, मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहायची: 'कंपाउंडर काका कोकणात गेले. डॉक्टर कधी येतील कळत नाही.'

शरच्चंद्रने वाचलं आणि मान वर केली. "वहिनी, यात 'के' किती आहेत?"

"आठ," माया आतून म्हणाली.

पेनवाल्या यंत्राला साधं अक्षर कळत नसे. त्याची स्वतःची बाराखडी होती. प्रत्येक अक्षर एका फटक्यात, काडी न उचलता. 'ए' म्हणजे आडव्या दांडीशिवाय नुसतं घराचं छप्पर. शरच्चंद्रच्या हाताला ती इतकी बसली होती, की बँकेने त्याचे फॉर्म दोनदा परत पाठवले होते. आणि 'के' म्हणजे एका रेघेत मासा काढायचा, पोट आणि शेपटीसकट. तो मासा त्याला सहा महिन्यांनी लागला होता. माशांशी इतका जुना संबंध असलेल्या घरात ही नामुष्कीच होती.

दत्तारामांनी पंच वाजवला. टिक-टिक.

शरच्चंद्र वाकला. छप्परं उभी राहिली, मासे पोहू लागले. पाचवा मासा कोपऱ्यातल्या बहिऱ्या काचेत अडकला आणि त्याचा 'एक्स' झाला. मागे वळायला वेळ नव्हता.

"एक मिनिट सहा," राजलक्ष्मी म्हणाली. मोजणं आज तिच्याच नशिबी होतं. "एक चूक. एक मिनिट अकरा."

ही त्याची गेल्या पाच वर्षांतली सर्वोत्तम वेळ होती. त्याने कपाळ पुसलं, यंत्र शर्टाला पुसलं आणि पडद्यावरची बटणं उघडून बुद्धभूषणच्या हातात दिलं.

बुद्धभूषणने चष्मा कपाळावर सरकवला. काडी बोटांत धरली. मग कोपऱ्यावर एक टिचकी मारून ती बटणं बंद करून टाकली.

"अरे, ते बंद झालं," शरच्चंद्र म्हणाला. "दत्तारामदादा, थांबा..."

टिक-टिक.

पहिला मासा एका रेघेत आला. गोल पोटाचा, शेपटी अगदी जिथे हवी तिथे. मागोमाग छप्पर. बुद्धभूषण घाई करत नव्हता. बहिऱ्या कोपऱ्यापाशी आला की अक्षर जरा उजवीकडे घेत होता, पावसात डबकं टाळून जावं तसा. त्याचा डावा हात मोकळा होता. त्या हाताचं बोट मांडीवर, काडीच्या जोडीने, तीच अक्षरं गिरवत होतं.

शरच्चंद्र त्या बोटाकडे बघत राहिला. माझगावचा दवाखाना, लाकडी बाक, मांडीवरची काळी बॅग. त्यावर हेच बोट. असंच.

"अठ्ठावन्न," राजलक्ष्मी म्हणाली. मग पडदा जवळ घेऊन वाचला. "चूक नाही."

आत पापड करपल्याचा वास आला.

"हां मेल्या!" दत्ताराम म्हणाले. "पण तुका तर पेन जमत..." आणि तिथेच थांबले. चाळीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला, कुठल्या उतारूला तिकीट विचारू नये, तेही कळतं.

माया पेन्सिल घेऊन कपाटाशी उभी राहिली. "आता रेघ कुठे मारू?"

"हे काय विचारणं?" शरच्चंद्र म्हणाला. "भूषण जिंकला. बटणाखाली मारा."

"बटणाचा काय संबंध?" बुद्धभूषण म्हणाला. "मी पेनाने लिहिलं. दारावर माणसांची नावं नाहीत. पेनाखाली मार, माया."

"अरे, पण बटणवाला तू ना!"

"बटणवालं यंत्र पिंपात बुडालं. बारा–अकरा. शऱ्या, अभिनंदन. तू म्हणत होतास ते खरं निघालं, पेनच भारी."

"मी हरलो आहे, भूषण!"

"तू हरलास. पेन जिंकलं. मूळ वाद कसला होता?"

बावीस वर्षांत पहिल्यांदाच दोघे एकमेकांच्या बाजूने तितक्याच तावाने भांडत होते. मायाने दोघांचं अर्धा मिनिट ऐकून घेतलं, 'पेन'खाली रेघ मारली, पेन्सिल अंबाड्यात खोवली आणि म्हणाली, "वहिनी, भानोलं कापा. यांचं चालू दे."

सगळे जेवायला बसले. भानोल्याचा तुकडा उचलताना शरच्चंद्रचं लक्ष आपल्याच अंगठ्याकडे गेलं. रुंद, बसका, पिढीजात. त्याने तो उलटसुलट करून बघितला, जणू आजच मिळाला होता. समोर बुद्धभूषण दत्तारामांना कोळंबी कशी निवडावी ते सांगत होता, मन लावून, आणि शरच्चंद्रकडे मुळीच बघत नव्हता.

निघताना चप्पल घालता घालता शरच्चंद्रने खिशातून ऑर्गनायझर काढला. काडी जागेवर आहे ना, ते बघितलं. मग दारातल्या बुद्धभूषणपुढे धरला.

"हे पेन-बिन आपल्याला जमत नाही रे," तो म्हणाला. "बदलतोस का?"

"माझं बुडालंय. चालूसुद्धा होत नाही."

"तेच हवंय मला."

बुद्धभूषणने त्याच्याकडे बघितलं. ओठाचा एक कोपरा हलला, पण बाकीच्या चेहऱ्याने त्याला साथ दिली नाही.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला आणि यंत्र शर्टाच्या खिशात टाकून टॉवेलात गुंडाळलेलं आपलं आणायला आत गेला.