चार बोटांचं माप

मी एक जुनं जाळं आहे. सध्या माझा मुक्काम कोंबड्यांच्या खुराड्यावर. खाली पिल्लांचा कलकलाट, वर कावळे टपलेले, आणि दोघांच्या मध्ये मी. पण मित्रांनो, मी काही जन्मापासून खुराड्याचं झाकण नाही. जाफराबादेच्या अलीकडं एक लहानसं तळं आहे. त्या काठच्या भोयांच्या चुली एके काळी माझ्या जिवावर पेटत होत्या.

निजामाचं राज्य गेलं, त्या सालच्या धामधुमीत या लोकांनी घरं सोडली होती. परत येऊन बघतात तर आधीचं जाळं उंदरांनी फस्त केलेलं. नवं, म्हणजे मला, विणणं भाग होतं. आता तळ्याची रीत ऐका. जाळ्याच्या गाठींमधल्या मोकळ्या जागेला घर म्हणतात, आणि ते चार बोटांचं हवं. चार बोटं आडवी आत गेली पाहिजेत, म्हणजे लहान मासा निसटतो, वाढतो, एकदा तरी अंडी घालतो, आणि मगच सापडतो. पहिलं घर वस्तीच्या म्होरक्यानं आपल्या हातानं मापायचं. म्होरके होते रामकिसनबाबा. पण तेव्हा ते हिवतापानं अंथरुणाला खिळलेले. आतूनच सुनेला म्हणाले, "साळू, तूच विण. चार बोटं तेवढी सोडू नको."

साळूबाईनं ती सोडली नाहीत. बांबूची सुई आणि सुती दोरा घेऊन ती ओट्यावर बसली, आणि प्रत्येक घरात बोटं घालून बघितल्याशिवाय पुढची गाठ मारली नाही. मग सूत पाण्यात कुजू नये म्हणून बाभळीच्या सालीच्या काढ्यात मला उकळलं. लालबुंद होऊन मी बाहेर आलो आणि खरं सांगतो, स्वतःवरच खूश झालो.

पहिल्याच ओढीला मी इतका जड झालो, की काठावरच्या बायांनीही दोर धरला. मरळ, शिंगटे, नुसती झुंबड. जाफराबादच्या बाजारात टोपल्या दुपारच्या आत रिकाम्या. "साळूच्या हाताला गुण हाय," असं जो तो म्हणू लागला. तिचा नवरा भुजंग तर तालुक्याचा पाटील असल्यासारखा मिशीला पीळ देत हिंडायचा. साळूबाई वरून गप्प, पण रात्री मला वाळत घालताना माझ्यावरून हात फिरवायची.

दोन-तीन सालं अशी मजेत गेली. पुढं ओढ हलकी होऊ लागली. मोठा मासा दिसेना, दिसला तो वीतभर. मरळीण आपल्या पिल्लांची लाल झुंड घेऊन काठच्या लव्हाळ्यातून फिरते, ती झुंडही कुणाला दिसेना. लोक म्हणाले, पाणी कमी पडलं असेल. मीही तेच म्हटलं. आपल्या अंगावर येत नसेल ते कारण आवडायचंच.

एकदा एका खुंटाला अडकून मी फाटलो. दुरुस्तीला धर्मराजची पाळी होती. हा साळूबाईचा चुलत दीर, कामाला वाघ आणि तोंडानं फटकळ. त्यानं सवयीनं एका घरात चार बोटं घातली. तीनच गेली.

"वैनी, हे तर पाण्यानं आटून राह्यलं," तो हसत म्हणाला, "माझ्या सदऱ्यासारखं."

तो हसला आणि विसरून गेला. तो गेल्यावर साळूबाईनं हळूच आपली चार बोटं त्याच घरात घातली. बराबर बसली. जाळं आटलं असतं तर तिचीही अडली असती. तिचा हात लहान. काकणं भरताना कासार तिला पोरींचं माप काढून द्यायचा. बाबांच्या चार बोटांत तिची पाच मावली असती. म्हणजे निसटायला हवा होता तो प्रत्येक मासा तिनं आणि मी, दोघांनी मिळून, अंडी घालायच्या आधीच बाजारात पोचवला होता.

तिला सगळं कळलं. पण ती बोलली नाही. सुताला दोष दिला, काढ्याला दिला, आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्ष काढलं. मी त्या वर्षातही पाण्यात उतरतच होतो. जाळ्याला नको म्हणता येत नाही, पण ती सबब मला कधी गोड लागली नाही.

श्रावणात तळ्याला विसावा असतो, तेव्हा मासा धरायचा नाही. नेमकं त्याच महिन्यात भुजंगला धर्मराजच्या छपरावर ओलं पागजाळं, एकट्यानं फेकायचं लहान जाळं, दिसलं. झालं. मासा का संपला, ते सगळ्यांना एकदम कळलं. कडुनिंबाखाली बैठक बसली. धर्मराज म्हणाला, "पावसानं भिजलं. म्या तळ्यावर गेल्तोच न्हाई." कोण ऐकतो? त्याचा तळ्यातला वाटा काढून घ्यायचं ठरत आलं. वाटा गेला, की जालन्याच्या स्टेशनावर पोती उचलायची, आणि बायकोलेकरांनी मागं राहायचं.

साळूबाई बायांच्या घोळक्यात उभी होती. ती घरात गेली, मला ओढत घेऊन आली आणि माझी कड सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांची नजर तोवर अधू झाली होती.

"मामा, बोटं घालून बघा."

त्यांनी घातली. पुन्हा दुसऱ्या घरात घातली. तिथंही अडली.

"हे कोणाचं माप?"

"माझं," ती म्हणाली. "तुमचं घ्यायचं राह्यलं. तळं म्या खाल्लं, धर्मराजभावजींनी न्हाई. आन मला साल झालं हे कळून."

भुजंगची मान खाली गेली. बाबा म्हणाले, "म्या आतून हुकूम सोडला, उठून बघितलं न्हाई. निम्मं माझं." धर्मराजचा वाटा राहिला. तळ्याला दोन सालं पूर्ण विसावा द्यायचा ठरलं, आणि मला कापायचं.

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन साळूबाई एकटीच बसली होती. धर्मराज आला आणि दुसऱ्या टोकानं कापू लागला. वर न बघता म्हणाला, "वैनी, लहान हाताचं मला काही न्हाई. पण तुला ठाऊक होतं, आन तू मला बैठकीत उभं राहू दिलं."

ती कापत राहिली.

त्यातून उरलेला तुकडा म्हणजे खुराड्यावरचा हा मी. मित्रांनो, विळ्याचं मला दुःख नाही, मी त्याच लायकीचा होतो. मी सांगतो ते एवढंच. तुमचा हात लहान असला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चूक उमगली, की त्याच दिवशी चारचौघांत बोला. तुम्ही गप्प बसता, तेवढ्यात तळं रिकामं होतं आणि उभं राहावं लागतं भलत्यालाच.