स्वतःची आणि अप्रकाशित

फुकटच्या कथास्पर्धांना मी गेली कित्येक वर्षं कथा पाठवते आहे आणि त्यातून जे मिळालं ते सगळं लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये मावतं. सोनेरी किनारीची ई-प्रमाणपत्रं. ‘सहभागाबद्दल हार्दिक अभिनंदन.’ एकावर माझं नाव मृणालिनीऐवजी मृणाली आहे, एकावर न्यूझीलंडच्या जागी ऑस्ट्रेलिया. एका स्पर्धेत तर परीक्षकच नव्हते, ज्याला जास्त लाइक्स तो पहिला. तेव्हा मी लाज गुंडाळून ठेवून ऑकलंडमधल्या ओळखीच्या प्रत्येक मराठी माणसाला लिंक पाठवली होती. पहिल्या आलेल्या बाईंचा गोतावळा माझ्यापेक्षा मोठा होता, एवढंच.

“फुकट स्पर्धेत आणखी काय मिळणार?” असं इंद्रनील म्हणतो. इंद्रनील माझा नवरा. इंजिनिअर आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा उपयोग काय, हे त्याला आधी कळावं लागतं. मी दिवसभर ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या फार्मसीत लोकांना गोळ्या कधी घ्यायच्या ते इंग्रजीत समजावते. घरी आले की आमची मुलगी श्रिया माझं मराठी अर्धवट ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. माझं मराठी वाक्य शेवटपर्यंत ऐकणारं इथे कोणी नाही, म्हणून मी लिहिते. आणि हो, मला छापून यायचंय. माझं नाव कागदावर बघायचंय. ह्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

यंदाची स्पर्धा मात्र खरी होती. पुण्यातली जुनी प्रकाशनसंस्था, नवोदितांसाठी, प्रवेश विनामूल्य. पहिली कथा दिवाळी अंकात आणि त्या लेखकाचा संग्रह संस्थाच काढणार. नियम एकच ठळक अक्षरांत: कथा स्वतःची आणि अप्रकाशित असावी.

त्यासाठी मी बाबांवर लिहिलं. बाबा बँकेतून निवृत्त झाल्यावर अनोळखी लोकांच्या लग्नांना जायला लागले होते. सिल्कचा कुर्ता घालायचे, कार्यालयात मधल्या रांगेत बसायचे, अक्षता टाकायचे, शेजारच्याशी उन्हाळ्याबद्दल बोलायचे. मुलाकडच्यांना वाटायचं हे मुलीकडचे आणि मुलीकडच्यांना वाटायचं हे मुलाकडचे. जेवणासाठी जात नव्हते ते. घरी कोणी बोलायला नव्हतं, मी इकडे, आई तिच्या भिशीत. एका लग्नात हातात ताट असताना कोणीतरी विचारलं, “काका, तुम्ही नक्की कोणाकडचे?” बाबांनी ताट खाली ठेवलं. वॉचमननं त्यांना फाटकापर्यंत सोडलं. घरी येऊन त्यांनी कुर्ता घडी करून कपाटात ठेवला आणि वारेपर्यंत परत घातला नाही. माझी कथा त्या घडीपाशी संपत होती.

आमच्या घरात कुठलीही महत्त्वाची गोष्ट आधी देवापुढे ठेवतात. माझं दहावीचं हॉल तिकीट ठेवलं होतं, व्हिसाच्या वेळी पासपोर्ट ठेवला होता. इतकी वर्षं स्पर्धांना पाठवून देव मध्ये आणला नव्हता, या वेळी आणला. कथा आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि म्हटलं, देवापुढे ठेव. आईनं फोनच देव्हाऱ्यात ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारच्या काकूंच्या फोनवरून त्याचा फोटोही पाठवला. मग वाचली. फोनवर बराच वेळ नुसती रडत होती. “तुझे बाबा असेच होते गं,” एवढंच म्हणाली. मला वाटलं, बक्षीस इथेच मिळालं. असं वाटून घ्यायची मला फार घाई असते.

पहिल्या दहांत माझी कथा आली. आता हे कोणाला सांगू नये, निकालापर्यंत गप्प बसावं, हे मला कळत होतं. तरी अल्बनीला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी अस्मिताला सांगितलं. अस्मिता मंडळाची सेक्रेटरी. तिला सांगितलं की वेगळी जाहिरात करावी लागत नाही. तिनं माइकवरूनच, इथल्या माओरी नमस्कारानं, “किया ओरा मंडळी” म्हणून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या मला आवडल्या. खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात संस्थेची मेल आली. परीक्षकांपैकी एकांना हीच कथा, शब्दन्‌शब्द, स्पर्धेआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती. खाली नाव नव्हतं, वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ असं होतं. सबब आपली कथा बाद करण्यात येत आहे. संस्थेच्या फेसबुक पानावर निकालाखाली एक ओळ होती: ‘न्यूझीलंडच्या एका स्पर्धक लेखिकेची कथा वाङ्मयचौर्यामुळे बाद ठरवली आहे.’ नाव घातलं नव्हतं, हे त्यांचे उपकार. न्यूझीलंडमधून किती जणी पाठवणार?

मी त्यांना माझी मूळ फाइल पाठवली. उत्तर सभ्य होतं. फाइलची तारीख कोणीही बदलू शकतं, असं ते म्हणाले. कथा प्रथम कोणी प्रसृत केली ते त्या व्यक्तीनं स्वतः कळवलं, तर चौर्याचा उल्लेख आम्ही मागे घेऊ. बक्षिसाचा विचार मात्र होणार नाही, कारण कथा आता अप्रकाशित राहिलेली नाही.

बक्षीस गेलं, हे मी गिळलं. चोर मात्र मी नव्हते.

शनिवारी अस्मिता फार्मसीत आली. न्यू लिन तिच्या घराजवळ नाही आणि घेतली तिनं फक्त खोकल्याची बाटली. ती काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाली, “अगं, तू टेन्शन घेऊ नकोस हं. होतं असं. आवडलेलं कुठेतरी डोक्यात राहतं आणि आपल्यालाच वाटतं आपण लिहिलं. आम्ही कोणी जज नाही करत.”

“अस्मिता, ते माझे बाबा होते.”

“हो गं, हो,” म्हणाली आणि माझ्या हातावर थोपटलं. सगळं खरं सांगूनही चोर ठरणं म्हणजे काय, ते मला त्या थोपटण्यात कळलं. बाटली मी रागानं पिशवीत कोंबली.

कथा मी एकाच माणसाला दिली होती. घरी आल्याबरोबर आईला फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती, मागे कुकरची शिटी झाली.

“आई, तू माझी कथा कोणाला पाठवलीस?”

तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, “भिशीच्या ग्रुपवर. फक्त बायकाच आहेत.”

“आणि माझं नाव?”

“ते काढलं.”

“का?”

“का म्हणून काय विचारतेस मृणाल? तुझं नाव असतं तर ते गृहस्थ कोण, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. जोशांच्या लग्नात खरं काय झालं ते मी कोणाला कळू दिलं नाही. आमंत्रण दुसऱ्या कार्यालयातलं होतं, हे चुकून तिथे शिरले, असं सांगितलं मी सगळ्यांना.”

“मग पाठवलीसच कशाला?”

“कोणीतरी त्यांना चांगलं म्हणावं असं वाटलं मला.” ती म्हणाली. “सगळ्याजणी म्हणाल्या गं. कुलकर्णीबाई म्हणाल्या, अशा माणसाला कोणी हाताला धरून जेवायला का नाही बसवलं? मला किती बरं वाटलं सांगू. माझ्या नवऱ्याला म्हणतायत हे सांगता नाही आलं, पण ऐकलं तर मी.”

माझा निम्मा राग तिथेच उतरला. तरीही मी तिला सगळं सांगितलं. मेल, फेसबुक, अस्मिता. म्हटलं, “दोन ओळी लिही आई. मीच नाव काढून पाठवली, कथा माझ्या मुलीची आहे. बस. मी टाइप करून देते, तू फक्त तुझ्या फोनवरून पाठव.”

“आणि ते म्हणाले, तुम्ही नाव का काढलंत?”

“सांग खरं.”

“नाही.” हा नकार मला लहानपणापासून ओळखीचा होता, त्यापुढे कोणाचं काही चालत नसे. “तू तिकडे आहेस. चार दिवस लोक बोलतील आणि विसरतील. मला इथे राहायचंय. मला अजून लग्नांची आमंत्रणं येतात. उद्या कार्यालयात मी शिरले की माझ्याकडे बघून हसतील लोक. हिच्याच नवऱ्याला हाकललं होतं, म्हणतील.”

“आई, मला चोर म्हणतायत.”

“म्हणू देत. तुला माहितीये ना तू नाहीस? मलाही माहितीये.”

तिनं बाबांसाठी जे केलं तेच ती आता माझ्यासाठी करत होती. झाकून ठेवत होती. फरक इतकाच, की बाबांना त्यानं वाचवलं होतं.

“आणि आता तर काही गरजच नाही,” ती एकदम सैल आवाजात म्हणाली. “काल ती कथा परत आली माझ्याकडे. नाशिकच्या कोणी शुभंकर म्हणून आहेत, त्यांचं नाव आहे खाली. शेवटही बदललाय त्यांनी. मुलीचा बाप येतो आणि हाताला धरून ह्यांना पाटावर बसवतो, स्वतः वाढतो. इतकं छान केलंय. तुझ्यापेक्षा शेवट चांगला आहे, रागावू नकोस. मला तर हायसंच वाटलं, आता आपल्याला कोणी विचारणार नाही.”

श्रिया दारातून विचारत होती, “मम, इज एव्हरीथिंग ओके?” मी तिला हातानं थांबवलं.

“तू काय केलंस तिचं?” मी आईला विचारलं.

“केली की सगळ्यांना पुढे.”

“नाव काढून?”

“छे! खाली लिहिलं होतं ना, लेखकाच्या नावासह पाठवावी ही विनंती,” आई म्हणाली. “मग नाव ठेवलं.”