रोटाला वायले, नळाला एकत्र

पंचायतीचा शिपाई पुना ठरावाचं बुक घेऊन आला तेव्हा ठकी माझ्या मांडीवर पिता पिता झोपली होती. मी ओठावर बोट ठेवलं. त्याने चपला पायरीशी काढल्या, बुक हलकेच माझ्यापुढे उघडलं आणि पेन पुढे केला.

"वहिनी, सही."

हे असंच चालायचं. मागच्या निवडणुकीत बायकांच्या राखीव जागेसाठी मॅट्रिक झालेली सून शोधत होते, तेव्हा भुसावळला मॅट्रिक झालेली म्हणून माझं नाव दिलं गेलं. निवडूनही आले. पण ग्रामपंचायतीची पायरी काही चढले नव्हते. सरपंच रुपचंदनाना माझे चुलत सासरे. त्यांच्यासमोर, आमच्या आबांसमोर सुनेनं खुर्चीवर कसं बसायचं? म्हणून सभा पंचायतीत व्हायची आणि माझी सही आमच्या ओसरीवर. या खेपेला तर सभा परवा होती आणि सही आजच मागत होते.

मी वाचायला लागले. पुना म्हणाला, "वाचताय काय? नेहमीचंच शे."

नेहमीचं नव्हतं. पाण्याच्या मोटरीचं थकलेलं वीजबिल आणि यंदाची तूट मिळून साडेसात हजार रुपये कमी पडत होते. "सबब, खर्चात काटकसर म्हणून येत्या एक तारखेपासून बालवाडी बंद व रस्त्यावरचे निम्मे दिवे कमी करण्यात येत आहेत."

मी ठकीच्या केसांतून हात फिरवत राहिले. ती अजून बालवाडीत जायची नव्हती, तिला दिवाळीनंतर घालायची होती. पण गावातली बत्तीस पोरं रोज तिथे जात होती. मारुतीच्या पारामागच्या खोलीत तानुबाई त्यांना सांभाळायच्या, गाणी म्हणायच्या, मटकीची उसळ द्यायच्या. तीन वर्षांमागे बालवाडी नव्हती, तेव्हा आया शेतात निंदायला गेल्या की तान्ह्यांना कोण सांभाळायचं? आठ-नऊ वर्षांच्या पोरी. मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारची कोकिळा कडेवर भाऊ घेऊन आमच्या दारात उभी राहायची आणि मला विचारायची, "वहिनी, तुमले वाचता येस?" तिचं नाव शाळेतून कमी झालं होतं. बालवाडी सुरू झाली, भाऊ तिकडे गेला आणि कोकिळा पुन्हा पहिलीत बसली. तिच्यासारख्या अकरा जणी होत्या.

त्या अकराजणी परत घरी बसणार. त्यात उद्या आमची ठकीही, धाकटं झालं की.

"पुनाभाऊ, बुक इथेच राहू दे," मी म्हटलं. "सही मी परवा सभेत येऊन करीन."

पुना माझ्याकडे बघतच राहिला. "सभेत? तुम्ही?"

"का? माझी खुर्ची मोडली का?"

तो हसला आणि बुक ठेवून गेला. घाईत त्याखालची नळाची यादीही राहिली. गावात कुणाकडे किती तोट्या, कुणाची पाणीपट्टी किती, ती. एका तोटीचे वर्षाला एकशेवीस रुपये. गावभर मिळून चौसष्ट तोट्या.

पहिल्याच पानावर आबांचं नाव होतं. हिलाल पाटील, तोटी एक.

मी मान वर केली. समोर अंगणात आमची तोटी होती. भिंतीपलीकडे मोठ्या दिरांची. त्यापलीकडे मधल्यांची, तिथे त्या वेळी जाऊबाई हंडा भरत होत्या आणि मुलाला रागावत होत्या. तिघे भाऊ पाच वर्षांपूर्वी वायले निघाले होते, म्हणजे वेगळे झाले होते. भिंती घातल्या, चुली मांडल्या, रेशनकार्डं तीन केली, आणि नळाचा पाइप मात्र आतल्या आत वाढवत नेला. पंचायतीला कुणी काही सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच कुणाला सुचलं नसावं. घर तर एकच ना.

सासूबाई गव्हातले खडे वेचत बसल्या होत्या. आठवड्यापूर्वीच घरात कानबाई देवी बसली होती. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा रोट, म्हणजे साऱ्यांच्या गव्हाचा नैवेद्य होतो. भाऊबंदकीतली प्रत्येक चूल आपापले गहू आणते, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. तान्हा मुलगा असला तरी त्याची मूठ येते. चूल वेगळी तर गहू वेगळे. ते गहू मोजून घ्यायचं काम सासूबाईंचं.

"आई, यंदा आपल्या भाऊबंदकीतल्या किती चुलींचे गहू आले?"

त्या बोटांवर मोजायला लागल्या. ओठ हलत होते, मधेच एक नाव आठवून त्या पुन्हा मागे गेल्या. "तेवीस."

मी यादीत आमची भाऊबंदकी मोजली. नऊ तोट्या.

मी ते त्यांना सांगितलं, बालवाडीचंही सांगितलं. भिकुबाई, माझ्या सासूबाई, शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांना एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. त्यांनी सूप दोनदा पाखडलं.

"म्हणजे रोटाले वायले आन नळले एकत्र," त्या म्हणाल्या.

"आबांना आधी सांगू का?"

"नको. आधी सांगशी ते सभेतलं बोलनंच ऱ्हाई जाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पन पयले आपलं घर सांगजो. मंग दुसरान्हं."

सभेच्या दिवशी सकाळी सर येऊन गेली होती. काळ्या मातीला वाफसा नव्हता, पाय रुतत होते, म्हणून निंदायला कुणीच गेलं नाही. बायका घरी होत्या. सासूबाईंनी त्याचा काय फायदा घेतला ते मला नंतर कळलं.

मी डोक्यावरचा पदर नीट केला, ठकीला कडेवर घेतलं, बुक आणि यादी काखेत मारली आणि पंचायतीत शिरले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. रुपचंदनाना खुर्चीत, शेजारी ग्रामसेवक बन्सीलाल भाऊसाहेब, सदस्य बाकांवर. आमचे आबा सदस्य नव्हते, पण भिंतीजवळच्या सतरंजीवर नेहमीप्रमाणे बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली. मी खुर्चीवर बसले नाही. खाली सतरंजीवर बसले, पण पुढे, सगळ्यांना दिसेल अशी.

"वहू, काही काम होतं का?" नानांनी विचारलं.

"सही करायला आले, नाना."

कुणीतरी खोकून हसू लपवलं.

बन्सीलाल भाऊसाहेबांनी ठराव वाचला. नाना म्हणाले, "रेडिओवर रोज ऐकतो आपण. दिल्लीच्या सरकारलासुद्धा तूट आहे. ते खर्च कापताहेत. मग आपण कोण लागून गेलो? अंथरूण पाहून पाय पसरायचे."

तोताराम नावाचे सदस्य वरच्या आळीचे. त्यांचं आणि नानांचं कधी पटत नसे. ते म्हणाले, "कापू नका. पाणीपट्टी दुप्पट करा. चौसष्ट तोट्या, दोनशेचाळीस रुपयांनी. तूट गेली."

"आणि पुढच्या निवडणुकीत आपणही गेलो," नाना म्हणाले. "लोक एकशेवीस द्यायला रडतात, दोनशेचाळीस काय देतील? त्यापेक्षा पोरं घरी सांभाळतील. आमच्या वेळी कुठे होत्या बालवाड्या? आम्ही वाढलोच ना?"

"नाना, तुम्हाला कोणी सांभाळलं?" मी विचारलं.

"मन्ही मोठी बहीण." ते सहज बोलून गेले.

"त्या किती शिकल्या?"

नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. तोताराम जांभई दिल्यासारखं करून हसले. मी त्यांच्याकडे वळले, कारण त्यांचंही मला पटलं नव्हतं.

"तोतारामभाऊ, दुप्पट केली तर जे भरतात त्यांनीच दुसऱ्यांदा भरायचं. पाराजवळ एकट्या राहणाऱ्या सुनंदाबाईंची तोटी एक आणि माणूस एक. त्या दोनशेचाळीस भरणार. आणि जे भरतच नाहीत ते?"

"कोण भरत नाही? यादीतले बठ्ठा, एकूण एक, भरतात," भाऊसाहेब म्हणाले.

"यादीतले भरतात. यादीत नाहीत ते नाही भरत."

ठकी पदराशी खेळत होती. मी तिचा चिमुकला पाय मुठीत धरला, गरम होता, आणि तसाच धरून ठेवला.

"यादीत आमच्या घरी एक तोटी आहे. आमच्या घरी तीन तोट्या आहेत. पाच वर्षं झाली. दोन तोट्यांचं पाणी आम्ही फुकट पितो."

आबांची मान झटकन वळली. सून सासऱ्याच्या घरचं असं चारचौघांत काढते, हे त्या खोलीत आजवर झालं नव्हतं. नानांचा चेहरा मात्र खुलला. भावाचं बिंग फुटलं की भावाला जरा बरं वाटतंच.

"हिलालआबा, काय म्हणते तुमची सून?"

आबा उठले. मला वाटलं, आता निघून जातील, आणि मग घरी माझं काय होईल ते होईल. ते खुर्च्यांपाशी आले, बन्सीलाल भाऊसाहेबांच्या समोर उभे राहिले.

"लिहा," ते म्हणाले. "हिलाल पाटील, तोट्या तीन. वहू खोटं बोलत नाही." मग नानांकडे पाहून, "आते तुन्ह्या सांग, रुपचंद."

नानांचा खुललेला चेहरा मिटला. "मन्हा घरमा एक शे. यादीत आहे ती."

"रोटले चार चुलीन्हा गहू ऱ्हातस तुमन्हा घरना," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे पायरीवर, अंगणात, पार पारापर्यंत बायका. वाफसा नाही म्हणून रिकाम्या झालेल्या साऱ्या. कितीतरींच्या कडेवर पोरं.

"भिकुबाई, हा पंचायतीचा विषय आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"मी कुठे पंचायतीचं बोलते? मी कानबाईचं बोलते." सासूबाई उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "गहू मी मोजून घेतले. कानबाईपुढे चार चुली सांगितल्या, मग पंचायतीपुढे एक कशी झाली? एक काहीतरी खोटं शे. कानबाईले खोटं सांगं का पंचायतले, तेवढं सांगा फक्त."

मागून एक म्हातारी म्हणाली, "कानबाईले खोटं सांगेल व्हई तर मी नही येवाव त्यान्हा घर रोट खावाले." बायकांत हशा पिकला. तोताराम तर मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"तोतारामभाऊ, हसू नका," मी म्हटलं. "वरच्या आळीची यादीही माझ्याकडे आहे."

ते हसायचे थांबले. तेव्हा मात्र नाना हसले, मनापासून.

ठरलं ते असं : काही कापायचं नाही, काही वाढवायचं नाही, आधी मोजायचं. दुसऱ्या दिवशी पुना, भाऊसाहेब आणि मी घरोघर निघालो. भाऊसाहेबांना पुढच्या अंगणातल्या तोट्या सापडत होत्या. मागच्या आम्हाला बायकाच दाखवत होत्या. गोठ्यामागची, न्हाणीतली, तुळशीच्या आड लपवलेली. कुणी लाजत, कुणी शेजारणीचं आधी सांगून, मग आपलं. एका ठिकाणी दीर भावजयीला दटावत होता आणि ती म्हणाली, "एकशेवीस रुपये जातील तर जाऊ द्या. पोऱ्याले शेतमा नेसू तर साप चावाना तो खर्च कोन्ता रजिस्टरमा लिखशात?"

नानांच्या घरी पोचलो तेव्हा नाना ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसले होते. त्यांच्या मोठ्या सूनबाईंनी तीन तोट्या दाखवल्या. भाऊसाहेबांनी तीन लिहिल्या. आम्ही निघणार, तेवढ्यात नानांच्या पत्नी कमलबाई परसातून आल्या, हात पदराला पुसत.

"चवथी राहिली ना. शेणखताच्या खड्ड्यापलीकडे. चाला, दाखवते."

"ती गुरांची आहे," नाना वर्तमानपत्रातूनच म्हणाले.

"गुरं काय हवा पितात?" कमलबाई म्हणाल्या, आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, "हाई बी लिखी ल्या."

गावात एकशेएकतीस तोट्या निघाल्या. सदुसष्ट नव्या, म्हणजे वर्षाला आठ हजार चाळीस रुपये. साडेसात हजारांची तूट भरून पाचशेचाळीस उरत होते. भाऊसाहेबांनी बेरीज तीनदा केली. सुनंदाबाईंची पट्टी होती तेवढीच राहिली. बालवाडी बंद करायच्या ठरावावर नानांनी स्वतः उभी रेघ मारली आणि म्हणाले, "भुसावळची मॅट्रिक महाग पडली आपल्याला."

"स्वस्तात पडली, नाना," आबा म्हणाले. त्या दिवसापासून आबा मला सभेला जाताना कशाला म्हणून विचारत नाहीत, ठकीला ठेवून जातेस का घेऊन जातेस, एवढंच विचारतात.

एक तारखेला मी सकाळीच पारामागच्या खोलीपाशी गेले. मला डोळ्यांनी बघायचं होतं. तानुबाई पोरांना ओळीत बसवत होत्या. निंदायला निघालेल्या आया एकेक करून पोरं सोडून, खुरपी कंबरेला खोचून, बोलत हसत शेतांकडे चालल्या होत्या. कोकिळा भावाला आत ढकलून शाळेकडे पळाली, आणि तिच्यामागून बाकीच्या.

तेवढ्यात रुपचंदनाना आले. हाताला धरलेला त्यांचा नातू, तीन वर्षांचा, तीट लावलेला, भोकाड पसरलेला. त्यांच्या घरचं पोर बालवाडीत कधी आलं नव्हतं. ती मजुरांच्या पोरांची, असं ते म्हणत.

"तानुबाई, याचं नाव लिहा."

तानुबाई गोंधळल्या. "नाना, तुमच्या घरचा?"

"का नाही?" नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "चार तोट्यांचे पैसे भरतो मी आता. पोऱ्या घरी कशाला ठेवू?"