पेचकस

विद्युल्लता राग विसरणाऱ्यातली नव्हती. तिची आई म्हणायची, "या पोरीचा राग म्हणजे मुरांबा. जितका जुना, तितका मुरलेला."

आणि राग काय उगाच होता? दिल्लीच्या मामाकडून एकेक भाग मागवून तिने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला होता. बनारसमधल्या मंगला गौरीच्या सगळ्या गल्लीत तेव्हा दुसरा कॉम्प्युटर नव्हता. त्याच सुमाराला नागपूरची मंडळी तिला बघायला आली. बोलणी रंगात आली होती. तेवढ्यात चुलतभाऊ विश्वजीत पोह्यांची बशी पुढे करत खो खो हसला, "आमच्या विद्यूच्या हातात लाटणं शोभत नाही हो, पेचकस शोभतो!" बनारसची मराठी माणसं स्क्रू ड्रायव्हरला पेचकसच म्हणतात. नागपूरच्या बाईंनी आधी अर्थ विचारला, मग तोंड वाकडं केलं आणि आठवड्याच्या आत नकार कळवला. गल्लीत तिचं नाव पडलं 'पेचकसवाली'. त्यात विश्वजीतची आई, म्हणजे काकू म्हणाल्या, "पुरे झाले हे खेळ, पोरीचं लग्न व्हायचंय." आणि तो कॉम्प्युटर उचलून वरच्या मजल्यावर विश्वजीतच्या खोलीत गेला. तिचा कॉम्प्युटर! मेली माणसं, जखमेवर मीठ चोळायचं तर मूठभर तरी चोळावं, यांनी पोतंच ओतलं.

अठ्ठ्याण्णव सालच्या माघात हाच विश्वजीत एक खोका घेऊन खाली आला.

"विद्यू, ग्राफिक्स कार्ड आणलंय. तुझ्या त्या जुन्या मशीनवर नवे गेम अडकतात गं. ज़रा लगा दे ना."

"तू का नाही लावत, दादा?"

"मला कुठे येतं!" तो निर्लज्जासारखा हसला. "रविवारी ग्वाल्हेरची मंडळी येतायत. काशीदर्शनाला आलीच आहेत, तर घर बघून जाणार. मुलगी कॉम्प्युटर शिकलेली आहे. मी त्यांना सांगून ठेवलंय की मशीन मीच जोडलंय. तेव्हा कॉम्प्युटरबद्दल तू अवाक्षर काढायचं नाहीस."

"नाही काढणार," विद्युल्लता म्हणाली. "विश्वनाथाची शपथ."

वर जाऊन तिने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं. आत बोटभर धूळ! आपल्या लेकराला सावत्र आईकडे बघावं तसं तिला झालं. फुंकर मारून, कपड्याने पुसून तिने सगळं लख्ख केलं. नवं कार्ड खाचेत दाबून बसवलं. बोर्डावर पडद्याला चित्र पुरवायची जुनी सोय होती, ती टिकलीएवढी काळी टोपी सरकवून बंद केली. मग पडद्याची तार मागच्या जुन्या भोकातून काढून नव्या कार्डाच्या भोकात खोचली. बटण दाबताच पडद्यावर असे रंग उमटले की विश्वजीतने शिटीच मारली.

"वाह! मान गए!" म्हणाला, आणि गेम खेळत बसला. थँक्यू म्हणायची त्याची जीभ कुठे झडली होती कोण जाणे.

रविवारी सकाळी काकूंनी तिलाच वरची खोली झाडायला पाठवलं. भोगा मग आपल्या कर्माची फळं! केर काढून झाल्यावर ती डब्याच्या मागे गेली, तार नव्या भोकातून काढली आणि जुन्या, बंद केलेल्या भोकात खोचली. तारेच्या टोकाचे दोन्ही स्क्रू पेचकसाने असे आवळले की मनगट दुखायला लागलं. वाईट वाटलं का तिला? छे! गाणं गुणगुणत जिना उतरली.

पाहुणे आले. मुलगी मृणालिनी, तिची आई आणि वडील. चहा झाला, साटोऱ्या झाल्या, आणि विश्वजीत सगळ्यांना कॉम्प्युटर दाखवायला घेऊन गेला. विद्युल्लता पाण्याचे पेले घेऊन मागोमाग.

"एकेक पार्ट मी स्वतः जोडलाय," तो म्हणाला आणि बटण दाबलं. आत पंखा घरघरला. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच. विश्वजीतने पडद्याला दोन चापट्या मारल्या.

मृणालिनी उठून मागे डोकावली. "अहो, तार जुन्या पोर्टमध्ये आहे. नव्या कार्डात लावायला हवी ना?"

"हो हो, तेच म्हणणार होतो मी."

"पण घट्ट बसलीय. पेचकस आहे का?"

ग्वाल्हेरलाही पेचकसच म्हणतात तर! विद्युल्लतेला इतकं बरं वाटलं की पेले हातातून निसटता निसटता राहिले. विश्वजीत या खणातून त्या खणात हात घालत सुटला. काकूंना राहवेना. "अगं विद्यू, उभी काय राहिलीस? आण की तुझा पेचकस!"

'तुझा.' मृणालिनीच्या आईने तो शब्द बरोबर टिपला.

विद्युल्लतेने पेचकस आणला. मृणालिनीने तो विश्वजीतपुढे धरला. "तुम्हीच काढा ना. तुम्ही जोडलंय."

त्याने वाकून स्क्रूला पेचकस लावला आणि सगळा जीव एकवटून फिरवला. उजवीकडे. होता त्याहून घट्ट केला. पुन्हा उजवीकडेच. कानशिलावरून घाम ओघळायला लागला.

मृणालिनी शांतपणे म्हणाली, "डावीकडे फिरवतात." मग तिने विद्युल्लतेकडे पाहिलं. "ताई, हा कुणी जोडलाय?"

विश्वजीतने डोळे वटारले. विद्युल्लतेने तर शपथ घेतली होती. कॉम्प्युटरबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तिने त्याच्या हातातून पेचकस काढून घेतला आणि नागपूरकरांपुढे तो हसला होता, अगदी तश्शीच हसली.

"आमच्या विश्वजीतदादाच्या हातात ना, पेचकस शोभत नाही हो."

स्क्रू सैल केले, तार नव्या भोकात लावली, पडदा रंगांनी भरून गेला. तो बघायला पाहुणे थांबले नाहीत. गंगेवर नाव ठरवलीय, उशीर होतो, असं काहीसं म्हणत मृणालिनीच्या वडिलांनी चपला शोधल्या.

संध्याकाळी विद्युल्लतेने कॉम्प्युटर उचलून खाली आपल्या खोलीत आणला. नव्या कार्डासकट. जिन्यात काकू भेटल्या, पण 'कुठे नेतेस' म्हणून विचारायची त्यांची छाती झाली नाही.