वर नाही, खाली

त्या दिवशीही बाबा दुकानाच्या दारात उभे राहून कुणाला तरी रस्ता सांगत होते. "ओमिया रस्त्यानं वर जा, मग पूर्वेला आत शिरा." क्योतोच्या जुन्या भागात पत्ता म्हणजे अशी चालायची वाटच असते. वर म्हणजे उत्तर, खाली म्हणजे दक्षिण. बाबा विणकरांसाठी मागावर सूत घेऊन ये-जा करणारे लाकडी धोटे घडवायचे. विचारणाऱ्याला त्यांनी कधी परत पाठवलं नव्हतं.

म्हणून तर नवऱ्याला सोडून मी याच शहरात खोली घेतली, तेव्हा त्यांना पत्ता सांगितला नाही. तात्सुहिको दुकानात येऊन दोन गोड शब्द बोलला असता, तर बाबांनी त्याला माझ्या दारापर्यंत आणून सोडलं असतं. त्यांना मी टपालखात्यानं माझ्या पत्त्यासाठी दिलेली सात अक्षरं तेवढी दिली. ती मोबाइलमध्ये टाकली की पार्सलच्या लेबलावर पत्ता आपोआप उमटतो. बाबांकडे मोबाइल नव्हता. शेजारच्या टोफूवाल्या सुमिएकाकू ते काम करायच्या, आणि त्यांनी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं. बाबांनी अक्षरांची चिठ्ठी भिंतीवर डकवली.

"खोलीत ऊन येतं का गं?" त्या दिवशी त्यांनी मला विचारलं.

"सकाळचं येतं."

"म्हणजे खिडकी पूर्वेला."

"बाबा, वाट काढू नका."

"राहिलं," म्हणाले आणि सलगमाचं लोणचं बांधून दिलं. निघताना पाहिलं, तर भिंतीवरची चिठ्ठी नव्हती. पडली असेल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामाच्या पाटावरच गेले. हातात अर्धा घासलेला धोटा होता.

अस्थींचा कलश पांढऱ्या कापडात गुंडाळून मी त्यांच्या खोलीत ठेवला. एकोणपन्नासावा दिवस होईपर्यंत गेलेलं माणूस घराच्या वळचणीला असतं म्हणतात. त्या दिवसांत घर पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं. उदबत्तीचा धूर खाली यायचा नाही आणि वरही जायचा नाही. माग बंद असलेल्या गल्लीतून मला धोट्याची ये-जा ऐकू यायची.

एका दुपारी सुमिएकाकू टोफू घेऊन आल्या. कलशाला हात जोडून म्हणाल्या, "हात्सुए, तुझ्या बापानं एकदा खोटं सांगितलं."

"बाबांनी?"

"चूक माझीच. मी सहज बोलून गेले, ही अक्षरं ज्याच्या हाती पडतील त्याला घर दिसेल. त्यांना पटेना. मग मी टाकून दाखवली. पत्ता आला, आणि यांनी वाचला. तिथल्या तिथे चिठ्ठी काढून चुलीत घातली. पाठ आहेत म्हणाले."

"मला कसं बोलले नाहीत?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, तिनं स्वतः पत्ता सांगितला, की मगच मला कळला."

काकू थोड्या हसल्या. "पुढच्याच आठवड्यात तुझा तो आला. भिंतीकडे बघत होता. तुझ्या बापानं नेहमीसारखं दाराबाहेर येऊन, हात करून वाट सांगितली. वर जा म्हणाले. देऊळ लागेल, आणखी वर. नदी लागेल, तरी वरच. अजून चालत असेल मेला डोंगरात. नंतर यांनी दिवसभर रंधा हाती घेतला नाही."

"पत्ता कळला होता, तर एकदा तरी माझ्या खोलीवर यायचं होतं त्यांनी."

"मागे कुणी लागलं असतं म्हणजे?"

काकू गेल्यावर मी ताजी उदबत्ती लावली. छपराच्या तुळईकडे उन्हाची एक तिरीप हलत होती. मी कलशासमोर नीट बसले आणि अनोळखी माणसाला सांगावं तसं सावकाश, मोठ्यानं म्हटलं,

"बाबा, आबुरानोकोजी रस्त्यानं या. बुक्कोजीच्या चौकापासून वर नाही, खाली. डाव्या हाताला छत्र्यांचं दुकान लागेल, त्याच्या माडीवर. खिडकी पूर्वेलाच आहे."